दुकानाच्या कॉम्प्युटरला परकोट कसा बांधावा?
नेटवर्कवरील ये-जा गाळण्याचा एक सोपा पाठ

अमरावतीच्या जुन्या वस्तीभोवती दगडी परकोट आहे, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. अंबागेट, नागपुरी गेट, जवाहर गेट ही नावे आपण रोज घेतो. हा परकोट १८०७ च्या सुमारास निजामाच्या अमलात उभा राहिला आणि त्यामागचे मुख्य कारण व्यापारी होते. शहरातील श्रीमंत पेढ्यांवर पेंढाऱ्यांची नजर होती, म्हणून व्यापाऱ्यांच्या रक्षणासाठी भिंत बांधावी लागली. परंतु नुसती भिंत बांधून भागत नाही. माल आला नाही, गिऱ्हाईक आले नाही तर आतला व्यापारी भिंतीआड उपाशी मरेल. म्हणून त्या भिंतीला वेशी ठेवल्या, लहान खिडक्या ठेवल्या. अकोल्याला असदगड आहे, दहीहांडा वेस आहे. तेथेही हाच हिशेब होता. कोणाला आत घ्यायचे, कोणाला नाही आणि कोणत्या वाटेने, हे ठरवले तरच भिंत उपयोगाची.

आज आपला मोलाचा माल तिजोरीत कमी आणि कॉम्प्युटरमध्ये जास्त असतो. उधारीची खतावणी, जीएसटीचे हिशेब, गिऱ्हाइकांचे फोन नंबर, डिझाइनच्या फाइली, सारे तेथेच. वऱ्हाडातील दुकानदारी बव्हंशी कापूस-सोयाबीनच्या पैशावर चालते. पेरणीच्या वेळी दिलेली उधारी माल विकल्यावर वसूल होते. मधले चार-पाच महिने त्या पैशाचा पुरावा म्हणजे कॉम्प्युटरमधील खाते. ते खाते एका रात्रीत कुलूपबंद झाले आणि पडद्यावर खंडणीची चिठ्ठी आली, तर कोणाकडे किती मागायचे? आठवणीवर किती खाती सांगता येतील? हा चोर शटर वाकवून येत नाही. तो इंटरनेटच्या तारेतून येतो आणि बहुतेक वेळा आपणच उघड्या ठेवलेल्या दरवाजातून येतो.

म्हणून या लेखात आम्ही नेटवर्कवरील ये-जा गाळण्याची पद्धत समजावून देत आहोत. तिला फायरवॉलचे नियम किंवा ट्रॅफिक फिल्टर म्हणतात. विषय किचकट वाटतो, पण ज्याने दुकानाचा गल्ला सांभाळला आहे त्याला तो समजण्यास अवघड नाही.

जकात नाक्याचा दाखला

नेटवर्कवर कोणतीही गोष्ट अखंड जात नाही. बिल असो, फोटो असो की व्हॉट्सॲपचा निरोप, त्याचे लहान लहान तुकडे होतात. प्रत्येक तुकड्याला पॅकेट म्हणतात. प्रत्येक पॅकेटवर एक चिठ्ठी असते. त्या चिठ्ठीवर चार गोष्टी मुख्य असतात: कोठून निघाले, कोठे जायचे, कोणत्या दरवाजाने जायचे आणि कोणत्या पद्धतीच्या वाहनाने जायचे.

जुन्या व्यापाऱ्यांना जकात नाका आठवत असेल. आता जकात राहिली नाही, पण नाकेदाराची पद्धत येथे उपयोगी पडते. नाकेदार प्रत्येक पोते फोडत नसे. तो पावती बघे, माल कोठून आला आणि कोठे चालला ते वाची, आपल्या कोष्टकाशी ताडून पाही आणि गाडी सोडी किंवा थांबवी. साधा फिल्टर हेच काम करतो. तो चिठ्ठी वाचतो, पोते उघडत नाही. ही त्याची ताकद आहे, कारण काम झटपट होते. हीच त्याची मर्यादाही आहे, कारण पावती खरी आणि माल खोटा असेल तर नाकेदार फसतो. ही मर्यादा शेवटपर्यंत ध्यानात ठेवावी.

पत्ता आणि दरवाजा

चिठ्ठीवरील पत्त्याला आयपी पत्ता म्हणतात. दुकानातील पत्ते बहुधा १९२.१६८ ने सुरू होतात. हे घरगुती पत्ते आहेत. इंटरनेटवर ते चालत नाहीत. राउटर आपला बाहेरचा एकच पत्ता वापरून सर्वांचा माल पाठवतो आणि आलेले उत्तर ज्याचे त्याला पोहोचवतो.

दरवाजाला पोर्ट म्हणतात. पोर्टचे क्रमांक ६५,५३५ पर्यंत आहेत. सगळे पाठ करण्याची गरज नाही. दुकानदाराने पुढील क्रमांक ओळखले तरी पुरे:

४४३ – सुरक्षित वेबसाइट. जीएसटी पोर्टल, ई-वे बिल, बँक, सर्व येथून.
८० – जुन्या पद्धतीची वेबसाइट.
५३ – नावावरून पत्ता शोधणारी सेवा, म्हणजे डीएनएस. ही बंद झाली तर इंटरनेट असूनही काही उघडत नाही.
१२३ – घड्याळाची वेळ जुळवणे.
५८७ आणि ९९३ – ईमेल पाठवणे आणि घेणे.
४४५ – विंडोजचे सामायिक फोल्डर. टॅलीचा डेटा एका कॉम्प्युटरवर ठेवून बाकीचे तेथून वापरत असतील तर तो याच दरवाजाने जातो.
९९९९ – टॅलीच्या अनेक जणांच्या परवान्याचा दरवाजा. तो नेहमीच्या मांडणीतला आहे, बदलताही येतो.
९१०० – नेटवर्कवरील प्रिंटर.
५५४ – कॅमेऱ्याचे चित्र.
३३८९ – रिमोट डेस्कटॉप, म्हणजे लांबून कॉम्प्युटर चालवणे.

यातील ४४५ आणि ३३८९ हे दोन दरवाजे इंटरनेटच्या बाजूने कधीही उघडे असता कामा नयेत. एवढे एक वाक्य वाचकांनी लक्षात ठेवले तरी आमचे श्रम सार्थकी लागले असे आम्ही समजू.

नियमवहीचे चार कायदे

पहिला कायदा: वही वरून खाली वाचली जाते. बहुतेक राउटरवर पॅकेट आले की पहिल्या नियमापासून सुरुवात होते. जो नियम प्रथम जुळला तो लागू. खालचे नियम पाहिलेच जात नाहीत. म्हणून खास नियम वर आणि सर्वसाधारण नियम खाली. विंडोजमधील फायरवॉलची रीत मात्र वेगळी आहे. तेथे क्रमाला महत्त्व नाही. एकाच पॅकेटला परवानगी आणि मनाई दोन्ही लागू होत असतील तर तेथे मनाईचा विजय होतो.

दुसरा कायदा: जे लिहिले नाही ते बंद. वाईट गोष्टींची यादी करून त्या अडवू म्हटले तर यादी कधी संपणार नाही. उलट आपल्याला लागणाऱ्या गोष्टी मोजक्याच असतात. त्या लिहाव्यात आणि वहीच्या शेवटी 'बाकी सर्व बंद' असा एक नियम ठेवावा.

तिसरा कायदा: आतून विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आत येऊ द्यावे. आपण जीएसटी पोर्टल उघडले की तेथून उत्तर येणारच. चांगला फिल्टर आतून कोण बाहेर गेले याची आठवण ठेवतो आणि त्याचेच उत्तर आत घेतो. न विचारता दार ठोठावणाऱ्याला तो उभा करत नाही. लिनक्समध्ये २००१ साली आलेल्या २.४ आवृत्तीपासून ही सोय आहे. आजच्या साध्या राउटरमध्येही ती असते.

चौथा कायदा: येणाऱ्यांइतकेच जाणाऱ्यांवरही लक्ष हवे. आपण आत येणाऱ्याची झडती घेतो, पण आतून बाहेर माल नेणाऱ्याला विचारत नाही. कॉम्प्युटरमध्ये शिरलेला घातक प्रोग्राम आपल्या मालकाशी आतूनच बोलतो. बाहेर जाण्याच्या वाटा मोजक्या ठेवल्या तर त्याचे बोलणे कठीण होते आणि नोंदवहीत त्याची धडपड दिसते.

पहिल्या कायद्याचा धडा आम्ही स्वतः ठेच लागून शिकलो आहोत. आमच्याच कामाच्या ठिकाणी नियम लिहिताना 'बाकी सर्व बंद' ही ओळ आम्ही घाईत सर्वांत वर टाकली आणि सेव्ह केले. क्षणात सगळे थांबले. प्रिंटर थांबला, ईमेल थांबले आणि राउटरचे पानही उघडेना, कारण आम्ही स्वतःलाच बाहेर काढले होते. काउंटरवरून आवाज आला, "भाईजान, बिल निघतच नाही!" बाजाराचा दिवस होता, गिऱ्हाईक उभे होते. शेवटी राउटर मूळ स्थितीत आणून सारे पुन्हा मांडावे लागले. तेव्हापासून आम्ही तीन गोष्टी पाळतो. काम दुकान बंद झाल्यावरच करायचे. बदलापूर्वी जुन्या मांडणीची फाइल काढून ठेवायची. आणि आपला स्वतःचा प्रवेश चालू ठेवणारा नियम सर्वांत आधी लिहायचा.

आधी यादी, मग नियम

दर्जी आधी माप घेतो, मग कात्री लावतो. येथेही तसेच. समजा, अकोल्याच्या ताजनापेठेत कापडाचे एक दुकान आहे आणि अमरावतीच्या इतवाऱ्यात त्याच घराची दुसरी शाखा आहे. अकोल्याच्या दुकानात एक मुख्य कॉम्प्युटर, बिलाचे तीन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, कॅमेऱ्यांचा एक डीव्हीआर, नोकरांचे आणि गिऱ्हाइकांचे मोबाइल आहेत. एका कागदावर या सर्वांची नावे लिहावीत. प्रत्येकासमोर दोन प्रश्नांची उत्तरे लिहावीत: याला कोणाशी बोलावे लागते? आणि याच्याशी कोणाला बोलावे लागते?

उत्तरे लिहिली की तीन गट आपोआप पडतात. पहिला हिशेबाचा गट: मुख्य कॉम्प्युटर, बिलाचे कॉम्प्युटर आणि प्रिंटर. दुसरा यंत्रांचा गट: डीव्हीआर आणि तत्सम वस्तू. तिसरा पाहुण्यांचा गट: सर्वांचे मोबाइल. मालकाच्या मुलाचा मोबाइलसुद्धा पाहुण्यातच धरावा. त्यात अपमान काही नाही.

कारागीर बंधूंसाठी येथे एक विशेष सूचना आहे. कॉम्प्युटरवरील भरतकामाचे यंत्र, फ्लेक्सचे प्रिंटर, कटिंगचे प्लॉटर यांचे सॉफ्टवेअर पुष्कळदा जुन्या विंडोजवरच चालते. विंडोज ७ ची नियमित दुरुस्ती १४ जानेवारी २०२० रोजी थांबली आणि विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. यंत्र चांगले चालते म्हणून कोणी ते फेकून देणार नाही आणि देऊही नये. परंतु अशा कॉम्प्युटरला यंत्रांच्या गटात टाकून त्याचा इंटरनेटशी संबंध तोडावा. डिझाइनची फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवून, तपासून मग तिकडे न्यावी. जुन्या यंत्राचे आयुष्य वाढवण्याचा हा बिनखर्ची मार्ग आहे.

दुकानाची नियमवही

वरील दुकानासाठी राउटरवरील नियमवही पुढीलप्रमाणे होईल. क्रम महत्त्वाचा आहे.

१. आतून सुरू झालेल्या संभाषणाची उत्तरे: जाऊ द्या.
२. मुख्य कॉम्प्युटरवरून राउटरच्या व्यवस्थापनाच्या पानाकडे: जाऊ द्या.
३. हिशेबाच्या गटाकडून राउटरकडे, पोर्ट ५३ आणि १२३: जाऊ द्या.
४. मुख्य कॉम्प्युटरवरून डीव्हीआरकडे: जाऊ द्या.
५. हिशेबाच्या गटाकडून बाहेर, पोर्ट ४४३, ८०, ५८७, ९९३: जाऊ द्या.
६. पाहुण्यांकडून राउटरकडे, फक्त पोर्ट ५३: जाऊ द्या.
७. पाहुण्यांकडून हिशेबाच्या गटाकडे, यंत्रांकडे आणि राउटरकडे: बंद.
८. पाहुण्यांकडून बाहेर इंटरनेटवर: जाऊ द्या.
९. बाकी सर्व: बंद, आणि नोंद ठेवा.

सातवा आणि आठवा नियम पाहावा. त्यांची अदलाबदल केली आणि आठव्यात 'कोठेही जाऊ द्या' असे लिहिले, तर पाहुणा प्रथम जुळणाऱ्या नियमानेच हिशेबापर्यंत पोहोचेल आणि मनाईचा नियम कोरा कागद ठरेल.

डीव्हीआरसाठी बाहेर जाण्याचा नियम आम्ही मुद्दाम लिहिला नाही. मोबाइलवर कंपनीच्या ॲपमधून कॅमेरे पाहण्याची सवय असेल तर डीव्हीआरला फक्त बाहेर जाण्याची परवानगी द्यावी. हिशेबाच्या गटाकडे मात्र त्याला कधीही जाऊ देऊ नये. ही भीती कल्पनेतली नाही. २०१६ साली मिराई नावाच्या प्रोग्रामने जगभरातील कॅमेरे आणि डीव्हीआर कारखान्याच्या मूळ पासवर्डने ताब्यात घेतले आणि २१ ऑक्टोबर २०१६ रोजी त्यांच्याच बळावर अमेरिकेतील डाइन या कंपनीची डीएनएस सेवा बंद पाडली. त्या कॅमेऱ्यांचे बहुतेक मालक दुकानदार आणि घरमालक अशी साधी माणसेच होती. आपल्या यंत्राने कोणाचे काय बिघडवले याची त्यांना खबरही नव्हती.

शेजाऱ्याचा प्रश्न

येथे एक गोष्ट भल्याभल्यांच्या नजरेतून सुटते. एकाच गल्लीतले दोन शेजारी एकमेकांकडे जाताना वेशीतून जात नाहीत. तसेच एकाच गटातील दोन कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात तेव्हा पॅकेट राउटरच्या नियमवहीपर्यंत जातच नाही. मधला स्विच ते परस्पर पोहोचवतो. म्हणजे बिलाच्या एका कॉम्प्युटरला रोग जडला, तर राउटर मुख्य कॉम्प्युटरला वाचवू शकत नाही. त्यासाठी प्रत्येक कॉम्प्युटरवर घराचे दार म्हणून विंडोजची स्वतःची फायरवॉल चालू हवी. विंडोज एक्सपीच्या २००४ सालच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून ती मुळातच चालू असते. पण "प्रिंटर चालत नाही" म्हणून कोणीतरी ती बंद करतो आणि मग ती वर्षानुवर्षे बंदच राहते.

मुख्य कॉम्प्युटरवर करावयाचे काम असे. विंडोज सिक्युरिटीमध्ये फायरवॉल उघडावी, प्रगत मांडणीत जावे आणि आत येण्याचे नियम पाहावेत. 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' या नावाच्या नियमांत ४४५ चा नियम सापडतो. तो उघडून 'स्कोप' या पानावर दूरच्या पत्त्यांच्या जागी बिलाच्या तीन कॉम्प्युटरचेच पत्ते लिहावेत. टॅलीच्या ९९९९ साठीही तेच करावे. बिलाच्या कॉम्प्युटरवर मात्र फोल्डर वाटण्याची गरजच नाही. तेथे हे नियम बंद ठेवावेत. पत्त्यावर नियम लिहायचे म्हणजे पत्ते बदलता कामा नयेत, म्हणून राउटरमध्ये प्रत्येक कॉम्प्युटरचा पत्ता आधी कायम करून घ्यावा.

राउटरवरील कामे

इंटरनेट कंपनीने बसवलेल्या साध्या राउटरवर गट पाडण्याची पूर्ण सोय बहुधा नसते. तरीही पुढील कामे अर्ध्या तासात होतात आणि निम्मा धोका टळतो.

राउटरच्या व्यवस्थापनाचा मूळ पासवर्ड बदलावा. पोर्ट फॉरवर्डिंगचे पान उघडून पाहावे. तेथे पूर्वी कोणा कारागिराने ३३८९ किंवा कॅमेऱ्याचे पोर्ट उघडून ठेवलेले असेल तर काढावे. यूपीएनपी बंद करावे, कारण त्यामुळे आतील कोणतेही यंत्र मालकाला न विचारता बाहेरून दार उघडून घेते. डब्ल्यूपीएस बंद करावे. इंटरनेटच्या बाजूने राउटर चालवण्याची सोय बंद करावी. पाहुण्यांसाठी वेगळे गेस्ट वायफाय सुरू करावे. राउटरचे सॉफ्टवेअर नवे करावे. आणि आयपीव्ही६ ची फायरवॉल चालू आहे का ते पाहावे. आयपीव्ही६ मध्ये प्रत्येक यंत्राला इंटरनेटवर चालणारा स्वतःचा पत्ता मिळू शकतो, त्यामुळे घरगुती पत्त्याच्या आड लपण्याची सोय तेथे नसते.

पूर्ण नियमवही राबवायची असेल तर दोन मार्ग आहेत. एक, मायक्रोटिकसारखा लहान राउटर. दुसरा, पडून असलेला जुना कॉम्प्युटर. त्यात दोन नेटवर्क कार्ड घालून ओपीएनसेन्स हे मोफत सॉफ्टवेअर बसवता येते. तीन गटांसाठी व्हीलॅनची सोय असलेला स्विच किंवा आणखी दोन कार्डे लागतील. जुन्या कॉम्प्युटरला वीज जास्त लागते आणि तो बंद पडला की सगळे दुकान थांबते, हे ध्यानात ठेवून त्याला इन्व्हर्टर द्यावा. मोबाइल वायफायला जोडताना ठरावीक यंत्रांचेच मॅक पत्ते लिहून ठेवण्याचा उपाय काही जण सुचवतात. त्याने व्यवस्था राहते, सुरक्षा नाही. तो पत्ता सहज नकलता येतो.

याशिवाय डीएनएसमध्येही गाळणी बसवता येते. ९.९.९.९ ही क्वाड-नाइन नावाची मोफत सेवा नोव्हेंबर २०१७ पासून आहे. राउटरमध्ये तो पत्ता लिहिला की घातक म्हणून ओळखल्या गेलेल्या साइटचा पत्ताच मिळत नाही. खर्च शून्य आणि काम पाच मिनिटांचे.

अकोला-अमरावती जोडायचे कसे?

इतवाऱ्याच्या शाखेतून अकोल्याची टॅली पाहायची असते. सोपा पण घातक मार्ग म्हणजे ३३८९ उघडणे. रात्रंदिवस सगळे इंटरनेट चाचपत फिरणारे प्रोग्राम आहेत. उघडा दरवाजा दिसला की ते पासवर्डचे हजारो अंदाज लावतात. दुकानाच्या नावापुढे १२३ लावलेला पासवर्ड त्यांच्यापुढे किती टिकणार?

योग्य मार्ग म्हणजे व्हीपीएन. दोन शहरांतील शंभरेक किलोमीटरच्या अंतरात इंटरनेटमधूनच एक बंद बोगदा काढायचा. वायरगार्ड ही त्यासाठी मोफत पद्धत आहे. २०२० पासून ती लिनक्सच्या गाभ्यात आहे. अकोल्याच्या राउटरवर तिचा एकच दरवाजा उघडावा लागतो. खरी किल्ली नसलेल्याने तो ठोठावला तर आतून उत्तरही येत नाही. यासाठी एका टोकाला सार्वजनिक पत्ता लागतो. पुष्कळ जोडण्यांत तो मिळत नाही, तेव्हा कंपनीकडे मागावा. बोगद्यातून येणाऱ्यालाही सर्व घर मोकळे सोडू नये. त्याला फक्त मुख्य कॉम्प्युटरची वाट द्यावी. नियमाला वेळही लावता येते: सकाळी नऊ ते रात्री नऊ चालू, पुढे बंद. रमजानच्या शेवटच्या दिवसांत बाजार मध्यरात्रीपर्यंत चालतो, तेव्हा वेळ वाढवावी आणि ईदनंतर आठवणीने पूर्ववत करावी.

मोठ्यांचे अनुभव

१२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाची साथ जगभर पसरली. ती ४४५ च्या दरवाजाने एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर उडी मारत होती. तिला रोखणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच, म्हणजे दोन महिने आधी दिली होती. त्याच वर्षी २७ जूनला नॉटपेट्या आली. तिचा उगम युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरणात होता. तिने मर्स्क या जहाज कंपनीला गाठले आणि नवी मुंबईच्या जेएनपीटी बंदरातील त्या समूहाच्या टर्मिनलचे काम थांबले. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून निघालेली आग किती लांब जाते हे यावरून समजावे.

११ आणि १३ ऑगस्ट २०१८ रोजी पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. एटीएमवरील व्यवहारांना होकार देणाऱ्या यंत्रणेची घातक प्रोग्रामच्या मदतीने नक्कल उभी करण्यात आली होती. खरी यंत्रणा बाजूला राहिली आणि खोटी यंत्रणा होकार देत गेली. २८ देशांतील एटीएममधून पैसे निघाले. बाहेरची भिंत असतानाही आतील कोण कोणाशी बोलते यावर पहारा का हवा, हे या घटनेने दाखवून दिले. दुकानाचा आकार लहान असला तरी प्रश्न तोच आहे.

तपासणी

नियम लिहिले म्हणजे काम झाले असे नाही. पुढील चाचण्या कराव्यात. गेस्ट वायफायवर मोबाइल जोडून मुख्य कॉम्प्युटर, प्रिंटर, डीव्हीआर आणि राउटरचे पान उघडते का पाहावे. उघडता कामा नये. शील्ड्सअप या मोफत साइटवरून आपल्या बाहेरच्या पत्त्याचे कोणते दरवाजे उघडे दिसतात ते पाहावे. मग उलट बाजूने तपासावे: ई-वे बिल निघते का, जीएसटी पोर्टल उघडते का, ईमेल जाते का, छपाई होते का. अति कडक नियमामुळे ई-वे बिल अडले आणि भरलेली गाडी बदनेऱ्याला उभी राहिली, तर नोकर दुसऱ्याच दिवशी फायरवॉल बंद करून टाकतील. आठवड्यातून एकदा नोंदवही वाचावी. एखादा कॉम्प्युटर रात्री दोन वाजता बाहेर जाण्यासाठी वारंवार धडका देत असेल तर त्याची तार काढून त्याची तपासणी करावी.

फिल्टर काय करू शकत नाही

नाकेदार पावती वाचतो, हे आपण सुरुवातीस पाहिले. नोकराने 'थकीत बिल' असे नाव असलेली ईमेलची फाइल उघडली तर ती ४४३ किंवा ९९३ च्या परवानगीच्या दरवाजानेच आत येते. पेन ड्राइव्ह तर वेशीतून येतच नाही, खिशातून येतो. फोनवर ओटीपी सांगणाऱ्याला कोणतीही फायरवॉल वाचवत नाही. म्हणून खतावणीची प्रत दररोज वेगळ्या डिस्कवर घ्यावी, काम झाल्यावर ती डिस्क कॉम्प्युटरपासून काढून ठेवावी आणि आठवड्याची एक प्रत घरी न्यावी. महिन्यातून एकदा त्या प्रतीतून डेटा परत उघडून पाहावा. न तपासलेली प्रत ही न मोजलेल्या गल्ल्यासारखी असते.

आणखी एक अनुभव या भागातील व्यापाऱ्यांनी घेतला आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत आणि मे २०२३ मध्ये अकोल्यात अशांततेच्या काळात प्रशासनाने इंटरनेट सेवा काही दिवस बंद ठेवली होती. ज्यांचे सारे हिशेब बाहेरच्या साइटवर होते, त्यांना स्वतःची उधारीही पाहता येईना. दुकानातील नेटवर्क मात्र इंटरनेटविना चालते. मुख्य कॉम्प्युटरवर डेटा असेल तर बिल निघते, खाते दिसते. म्हणून आपली मांडणी अशी ठेवावी की बाहेरची वेस बंद झाली तरी आतला व्यवहार चालू राहील.

एवढे करूनही घात झालाच तर प्रथम नेटवर्कची तार काढावी आणि वायफाय बंद करावे. खंडणीची चिठ्ठी पुसू नये, तिचा फोटो घ्यावा. राउटरची नोंदवही जपावी. पैसे गेले असतील तर विनाविलंब १९३० या क्रमांकावर फोन करावा आणि सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवावी. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्या व संस्थांनी अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची आहे आणि नोंदी १८० दिवस जपायच्या आहेत. लहान दुकानदारानेही हीच शिस्त लावून घेतली तर तक्रारीच्या वेळी पुरावा हाताशी राहतो.

या आठवड्याचा अभ्यास

वाचक बंधूंनी पुढील तीन कामे येत्या सुटीच्या दिवशी करावीत. एक, दुकानातील नेटवर्कवरील सर्व वस्तूंची यादी कागदावर लिहावी. दोन, राउटरमधील पोर्ट फॉरवर्डिंगचे पान उघडून तेथे काय लिहिले आहे ते पाहावे. तीन, प्रत्येक कॉम्प्युटरवर विंडोजची फायरवॉल चालू आहे का ते तपासावे. घरातील शिकलेल्या मुला-मुलींना सोबत घ्यावे. त्यांना काम येईल आणि आपल्याला समज येईल. काम दुसऱ्याकडून करून घेतले तरी नियमवहीची एक छापील प्रत गल्ल्यात ठेवावी. आपल्या दुकानाच्या वेशी किती, कोणत्या आणि कोणासाठी उघड्या आहेत, हे मालकाला स्वतःला सांगता आले पाहिजे.